आमच्या वाट्याची पाखाडी

समीक्षा सकाळी उठत नाही, ही तक्रार मी आधी कोणाला सांगितलीच नाही. पंधरा वर्षांची पोर सकाळी उठत नाही, यात सांगण्यासारखं काय होतं? मी चूल पेटवायची, पाणी तापत ठेवायची, भाकरी थापायला बसायची आणि मधून मधून तिला हाका मारायची. पहिली हाक मायेची असायची. शेवटची अशी, की शेजारची मालन तिच्या पडवीतून विचारायची, "हौसाकाकी, आज पन नाय उठली काय ओ?"

नाय उठली.

मग ती उठून बसायची. केस तोंडावर, डोळे अर्धे मिटलेले. समोरच्या भिंतीकडे अशी बघायची, जशी ती भिंत दुसऱ्याच कोणाच्या घरातली आहे. एसटी वरच्या वळणावर हॉर्न द्यायची तेव्हा ही दप्तर शोधत असायची. पुष्कळदा एसटी निघून जायची आणि मी बोलत राहायची. बोलून काही होत नाही हे कळत असूनही बोलायची.

समीक्षा ही माझ्या निलेशची थोरली. निलेश आणि सूनबाई नालासोपाऱ्याला एका खोलीत राहतात. निलेश गोदामात रातपाळी करतो. धाकटा स्वरूप त्यांच्याजवळ असतो, तो चार वर्षांचा. समीक्षा पहिलीपासून माझ्याकडे. आमची वाडी गुहागर तालुक्यात, पण समुद्रापासून आत, डोंगराच्या पोटाशी. घरं बरीच आहेत, उघडी थोडी.

समीक्षा खो-खो खेळते. कशी खेळते ते मी एकदा शाळेच्या पटांगणावर बघितलं होतं. धावता धावता ती खांबापाशी अशी वळली, की धूळ तिच्या मागाहून वळली. त्या दिवशी तिचे खेळाचे सर, अजिंक्य सर, मला म्हणाले, "आजी, हिला दिवाळीनंतर रत्नागिरीच्या निवडीला न्यायचं आहे. तिथं घेतली तर खेळाच्या वसतिगृहात जागा मिळेल. पुढचं शिक्षण सगळं तिकडेच."

 त्या दिवसापासून समीक्षाचे बूट पडवीत न राहता तिच्या उशाशी राहायला लागले.

हे पावसाळ्यातलं. नवरात्र संपलं, भातं कापून झाली, आणि पोर बदलली.

आधी मला वाटलं, मोबाईल. सगळ्यांनाच तसं वाटलं. मी मोबाईल काढून घेतला आणि तांदळाच्या डब्यात ठेवला. तिने वाद घातला नाही. "घे," म्हणाली आणि आडवी झाली. तिने भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मग मी तिला तालुक्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, डोळ्यांखाली बघितलं, जीभ बघितली. रक्त थोडं कमी होतं, पण असं निजून राहण्याइतकं नाही, म्हणाल्या. लोहाच्या गोळ्या दिल्या. मी पाकिटावरचं अक्षर अक्षर जोडून वाचत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "आजी, तुमची झोप ताकासारखी पातळ असते, दोन तास मिळाली तरी चालते. ह्या वयात ती सायीसारखी दाट लागते. लहान पोरांची तर त्याहून दाट. हिला झोपू द्या."

"झोपतेच आहे ओ बाई," मी म्हटलं. "कोंबड्या कोंडल्या की ही निजते. अजून किती झोपवू?"

त्यांनी पुढचं नाव पुकारलं. बाहेर रांग होती.

अजिंक्य सरांचा फोन आला तो त्याहून वाईट. "पूर्वी म्हणायची, सर, मी आधी पळते. आता रांगेत शेवटी बसते. खो मिळाला तरी उठायला क्षणभर उशीर होतो. वर्गातही बोट वर करत नाही म्हणे. घरी काही झालंय का आजी?"

घरात मी आणि ती. होणार काय?

त्या संध्याकाळी ती ताटावर बसली होती. नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी. तिची आवडती. घास हातात धरून ती नुसती बसून राहिली.

"रात्री झोप लागत नाय का गो?"

"लागते."

"मग?"

"झोपून उठल्यासारखं वाटत नाही आजी. कुठूनतरी आल्यासारखं वाटतं."

"कुठून?"

"माहीत नाही. चढून आल्यासारखं."

मी तिचे तळवे बघितले. सोललेले होते, रेषांमध्ये लाल माती. पण पटांगणावर पडणाऱ्या पोरीचे तळवे दुसरे कसे असणार? आमच्याकडे माती सगळ्यांच्याच अंगाला असते. कपडे कितीही धुवा, पाणी लालच निघतं.

"सरांना सांग, मी रत्नागिरीला येत नाही," ती म्हणाली.

"का म्हणून?"

"मला जमणार नाही."

"पावसाळ्यात पटांगणावर जमलं ना?"

"ते चुकून जमलं असेल." तिने घास ताटात ठेवला. "मी तशी नाहीच आजी. तुम्हा सगळ्यांना उगाच वाटतं."

माझा हात उठला होता. मारायला की जवळ घ्यायला, माझं मलाच कळलं नाही. मी तो पदराला पुसला आणि ताट उचललं.

पाखाडीचं मला त्यानंतर कळलं.

आमच्या वाडीतून देवीच्या देवळाकडे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट जाते, तिला आम्ही पाखाडी म्हणतो. देऊळ वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या मोकळ्या कातळावर आहे. आता तिकडे डांबरी रस्ता वळसा घालून गेला आहे, त्यामुळे पाखाडीवर पाऊल पडतं ते शिमग्यात, पालखी उतरते तेव्हा. पालखी रस्त्याने आणायची नाही अशी रीत आहे. म्हणून पाखाडी नीट ठेवावी लागते, आणि तिचा एकेक तुकडा एकेका घराच्या वाट्याला आहे. यंदाच्या पावसात अर्धी पाखाडी वाहून गेली.

नवरात्रात देवळात बैठक झाली. घरटी एक माणूस कामाला द्यायचं. ज्यांची घरं बंद त्यांनी मुंबईहून फोनवर नावं दिली. दर वर्षी असंच होतं, नावं लगेच मिळतात आणि माणसं मे महिन्यात उगवतात, नाहीतर उगवतच नाहीत. दर वर्षी मी निलेशचं नाव देते. यंदा तो म्हणाला, "आई, माझं देऊ नको, मे महिन्यातसुद्धा रजा नाही." नाव तर द्यायला हवं. मी समीक्षाचं दिलं. कोणी विचारलं नाही. विचारणार कोण, ज्याने त्याने असंच कोणाचंतरी दिलं होतं.

लवू आमचा मानकरी, नात्याने माझा दीर लागतो. तो या खोट्या नावांना कंटाळला होता. सदू गुरव देवीपुढे उभा राहून गाऱ्हाणं घालायला लागला, तेव्हा लवू मागून म्हणाला, "सदू, ह्या टायमाला नीट बांधून घाल. म्हण, काम पुरं होईस्तोवर ह्या हातांना इसावा देऊ नको."

लोक हसले. सदूने तसंच म्हटलं, एकेक नाव घेऊन म्हटलं. आम्ही सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हणून साथ दिली. मीही दिली. मग प्रसाद वाटला आणि घरी आलो.

आता भात झोडून झाल्यावर मी वाळकी लाकडं आणायला वर काजूच्या बागेत गेले, तर पाखाडीवर वाट्यावाट्यातल्या खालच्या चार-सहा पायऱ्या बसवलेल्या. जांभ्याचे नवे चिरे, कडा तासलेल्या, सांध्यात माती दाबलेली. मालनच्या वाट्याची सुरुवात झाली होती, लवूच्या वाट्याची झाली होती. जी घरं आठ-दहा वर्षं कुलपात आहेत, त्यांच्याही वाट्याची झाली होती. आणि आमच्याही.

मी लवूला विचारलं, "माणसं कधी आली?"

"आली असतील," तो म्हणाला. "काम होतंय ना वयनी. मंग झालं तर."

तो माझ्याकडे बघत नव्हता.

रविवारी दुपारी समीक्षा ओटीवर झोपली. जेवण झालं, भांडी मी घासली, आणि तिच्या पायाशी तांदूळ निवडत बसले. लख्ख ऊन होतं. अंगणात पेंढा वाळत होता, त्याचा वास येत होता. मालनची कोंबडी पेंढ्यात काहीतरी उकरत होती.

समीक्षा कुशीवर होती. हालचाल नाही. पण तिचा श्वास झोपलेल्या माणसाचा नव्हता. ओझं घेऊन चढणाऱ्याचा होता. दोन छोटे श्वास, मग एक दाबून धरलेला, मग मोठा. मानेवर घाम साठला, ओघळून उशीत गेला. उघड्या ओटीवर गार वारा होता.

मग मला वरून आवाज आला. चिरा तासल्याचा. माझ्या नवऱ्याने जन्मभर हे काम केलं, तो आवाज मला झोपेतही कळेल. खूप हात होते. एकामागून एक पडत होते, शिमग्यात ढोलाची साथ पडते तसे, ठरलेल्या जागी ठरलेला ठोका.

समीक्षाने श्वास धरला की एक ठोका पडायचा. सोडला की थांबायचा.

मी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. पुष्कळ वेळ ऐकलं. मला चूक सापडावी असं वाटत होतं, म्हणून ऐकलं.

मग तिला हलवून उठवलं.

ती दचकून बसली. वरचे ठोके चालूच राहिले. फक्त त्यांच्यात एक जागा रिकामी झाली. दात पडल्यावर होते तशी.

"काय झालं आजी?"

"काय नाय. चहा घेतेस?"

ती भिंतीला टेकली. डोळे मिटायला लागले. मी तिला मिटू देत नव्हते, काहीबाही विचारत होते, शाळेचं, सरांचं. ती रडकुंडीला आली. "झोपू दे ना गं मला," म्हणाली. "सगळे मला झोप झोप म्हणतात आणि तू उठवतेस."

मी तिला मालनच्या पोरींबरोबर पत्ते खेळायला बसवलं आणि लवूकडे गेले.

लवू पडवीत दोरी वळत बसला होता. मी सरळ विचारलं, "तू कोणाचं नाव दिलंस?"

त्याने दोरी खाली ठेवली. "थोरल्या पोराचं. ठाण्याला आहे तो."

"बरा आहे?"

"उभ्या उभ्या झोपतो, म्हनतात. मालक बोलला त्याला." मग दाराबाहेर बघत, "वाडीतली सगळीच पोरं तिकडं अंग दुखतं अंग दुखतं करतायत. साथ असंल."

"साथ नाय ती लवू. तुला ठाऊक हाय."

"थोडंच राहिलंय वयनी."

"थोडंच म्हंजे?"

"शिमग्यापर्यंत होईल सगळं. इतक्या वर्सांत नाय झाली अशी पाखाडी. तुमी बघितलाव ना, काय काम आहे ता?"

"पुढल्या आठवड्यात तिची रत्नागिरीला निवड आहे," मी म्हटलं. "शिमग्याला ती मला म्हणेल, आजी, मी तशी नव्हतेच. आणि तोपर्यंत मलासुद्धा ते खरं वाटायला लागलेलं असेल. तुझ्या पालखीला पायऱ्या पाहिजेत म्हणून?"

लवूने दोरी पुन्हा हातात घेतली. मला त्याचा राग आला, सदूचा आला, त्या डॉक्टरीणबाईंचा आला, आणि व्हय महाराजा म्हणणाऱ्या माझ्या तोंडाचा सगळ्यात जास्त आला.

शेवटी तो म्हणाला, "सगळ्यांसमोर बोललेलं मागं घेता येत नाय. बदली देता येते."

"मग माझं नाव घाल."

"तुमचं?"

"का? ह्या घरात माझ्याएवढं काम कोणी केलंय?"

त्याच संध्याकाळी, उजेड होता तोवर, आम्ही वर गेलो. सदूला काही फार सांगावं लागलं नाही. त्याच्याही घरातलं कोणीतरी असणार. त्याने नारळ ठेवला आणि म्हटलं, समीक्षा लहान लेकरू आहे, तिला मोकळी कर, तिच्या जागी हौसा उभी आहे, तिची सेवा मानून घे. लवू आणि मी व्हय महाराजा म्हटलं. दोघांचाच आवाज. देवळात तो फार लहान वाटला.

घरी येऊन मी अंगाला तेल चोळलं आणि लवकर निजले. उद्या काय काय दुखेल याची मनाची तयारी केली होती. खांदे, कंबर. उजवा गुडघा तर नक्की.

सकाळी मला समीक्षाने उठवलं.

"आजी, चूल मी पेटवली. पाणी कुठल्या हंड्यात ठेवू?"

ती अंघोळीआधीच अंगणात चार फेऱ्या धावून आली होती. गाल लाल. माझ्याकडे बघून हसली, सहज, काही कारण नसताना. मालन पडवीतून म्हणाली, "आज सूर्य पश्चिमेला उगवला काय?" तर ही म्हणाली, "काकी, तुमच्याकडं अजून उगवायचाय तो. तोंड धुवा आधी." हे असं ती किती दिवसांत बोलली नव्हती.

मी अंथरुणात बसून माझे खांदे चाचपले. कंबर वाकवून बघितली. गुडघा.

काही दुखत नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. माझी नेहमीची झोप झाली होती, पातळ, तुटक, दोनदा उठून पाणी पिण्याची. मी स्वतःला म्हटलं, गोळ्या लागू पडल्या. म्हटलं, दुपारच्या उन्हात म्हाताऱ्या बाईला काहीही ऐकू येतं. असं म्हणायला फार बरं वाटलं. त्या आठवड्यात समीक्षा दोन भाकऱ्या खायची. संध्याकाळी बूट हातात घेऊन यायची, घामाने निथळलेली, आणि पटांगणावर कोणाला कसं बाद केलं ते उभ्या उभ्या करून दाखवायची. सर म्हणाले, आता पुन्हा आधी पळते म्हणते.

ती रत्नागिरीला गेली. रात्री मुक्काम तिकडेच होता. संध्याकाळी फोन आला. आधी नुसता गलका ऐकू आला, मग तिचा आवाज. "आजी, घेतली. मला घेतली. ऐकतेस ना?"

ऐकत होते. मोबाईल कानाशी घट्ट धरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नारळ घेऊन देवीकडे निघाले. रस्त्याने नाही, पाखाडीने. धुकं होतं, पण पायाखालचं दिसत होतं. मालनच्या वाट्याच्या पायऱ्या पुऱ्या झाल्या होत्या. असे चिरे, की एकेक उचलायला दोन गडी लागतील. त्याच्यापुढे लवूचा वाटा, तोही तसाच. मग आमचा.

आमच्या वाट्यात अर्ध्यापर्यंत चिरे होते. कडा साफ, सांधे घट्ट.

त्याच्यापुढे लहान दगड होते.

माझ्या मुठीत मावतील एवढे. काही त्याहून लहान, नुसते खडे. एकाशेजारी एक ठेवलेले, त्यांच्यावर माती थापलेली. तासलेला एकही नव्हता. एका पायरीवर ते गोल मांडलेले होते, पोरं घर-घर खेळताना मांडतात तसे. अर्धा गोल तसाच होता. उरलेला अर्धा मोडून कोणीतरी सरळ रांगेत लावायला लावला होता.

मी नारळ खाली ठेवला. पाखाडीवर मोबाईलला रेंज नसते, वर सड्याजवळ येते. तेवढं चढले.

निलेश नुकताच पाळीवरून आला होता. "आई, एवढ्या सकाळी? समीक्षाचं कळलं मला, रात्रीच फोन केला तिनं."

"स्वरूप उठला काय रे?"

"नाही अजून." त्याने जांभई दिली. "ह्या आठवड्यात काय झालंय कोण जाणे. बालवाडीची गाडी येऊन निघून जाते, हा उठतच नाही. घास तोंडात धरून झोपतो. तू काळजी करू नको, डॉक्टर म्हणाले, वाढीचं वय आहे."

डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं, माझी झोप ताकासारखी पातळ, लहान पोरांची सगळ्यात दाट. पलीकडे सूनबाई स्वरूपला हलवत होती, बांगड्यांचा आवाज येत होता.

"आणि ऐक, गंमत सांगतो," निलेश म्हणाला. "पूर्वी झोपेत हसायचा. आता झोपेत बोलतो. कोणीतरी मोठं माणूस समोर उभं असल्यासारखा मान हलवतो आणि म्हणतो, आणतो, आणतो."